आई, लेक आणि मधली तार

प्रिय भिंगरी,

वारा अजून पडलेला नाही, त्यामुळे माझ्याकडे वेळच वेळ आहे. वसतिगृहाच्या या खोलीत एक खाट, एक टेबल, कुणीतरी सोडून गेलेलं जुनं कॅलेंडर आणि नीट न लागणारी एक खिडकी आहे. कागदाची घडी खुपसून मी ती बसवली आहे, तरी वाऱ्याचा जोर वाढला की ती कुरकुरते आणि न विचारता बातमी देते की आजही उड्डाण नाही. रॉकेट तिकडे लाँचरवर ताडपत्री पांघरून आडवं पडलं आहे. रोज सकाळी आम्ही सगळे आजाऱ्याची चौकशी करायला जावं तसे त्याच्याकडे जाऊन येतो आणि परत येऊन चहा पितो. हे पत्र लांबणार आहे, ते आधीच सांगून ठेवतो. तू ते सावकाश वाच. स्वल्पविराम आला की थोडी थांब, पूर्णविराम आला की जरा जास्त थांब. तुझी आई म्हणते की मला शेजारच्या दुकानात पाठवलं तरी मी गाव हिंडून येतो आणि पत्रातही तसंच करतो. यावेळी मी मुद्दामच गाव हिंडणार आहे.

परवा फोनवर तू जे म्हणालीस ते डोक्यात घेऊनच बसलोय. मी तेव्हा नुसतं हं हं करत राहिलो, त्याचा राग मानू नकोस. तुझी आई मला रोज सकाळी फोन करून बातम्या देते. तिची पद्धत तुला ठाऊक आहे. आधी जावयाने काय खाल्लं, मग दवाखान्याच्या लिफ्टची तक्रार, मग शेजारच्या खाटेवरच्या बाईची सासू, आणि सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं अशा सुरात, बाळ. बाळ बरं आहे. बाळाचं वजन गुंजभर वाढलं. बाळाने डोळा उघडला, एकच. आणि मग आवाज खाली आणून सांगते की पोरगी रात्री पुन्हा श्वास घ्यायला विसरली होती, सिस्टरने तळपायाला टिचकी मारली तेव्हा आठवलं तिला. हे ऐकताना मी भिंतीला टेकून उभा असतो. वेळेच्या कितीतरी आधी आलेली, माझ्या दोन तळव्यांत मावेल एवढीशी ती पोर, काचेच्या पेटीत निजलेली, आणि तिला अजून श्वासाची सवयच लागलेली नाही. डॉक्टर म्हणाले ना, दुसरं काही झालेलं नाही, श्वास न विसरणं तेवढं शिकली की तिला घरी न्या. आपल्या सगळ्यांचा जीव त्या तेवढ्यावर टांगणीला लागला आहे.

इथे कोणाला मी हे सांगितलेलं नाही, फक्त रीळबाईला सांगितलं. ती कोण ते पुढे येईलच. त्याआधी मी इथे नक्की काय करतो ते तुला सांगायचं आहे, कारण ते तुला आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. तू लहान असताना शाळेत बाईंना म्हणाली होतीस की माझे बाबा आकाशात दिवे लावायला जातात. पुढच्या पालकसभेत बाईंनी मला विचारलं की तुम्ही वीज खात्यात आहात का. मी हो म्हणून टाकलं, खरं सांगत बसलो असतो तर सभा संपली नसती. आज सभा नाही, तुला कुठे जायचं नाही आणि मलाही नाही. तर ऐक.

आमचं रॉकेट छोटं असतं. ते कुठे जाऊन राहत नाही आणि कशाभोवती फिरत नाही. चेंडू वर फेकावा तसं ते वर जातं, हवा संपत येते तिथून पुढे थोडा वेळ तरंगतं आणि खाली येतं. त्या तरंगण्याच्या वेळात जे काय करायचं ते करून घ्यायचं. वर पोचलं की त्याच्या डोक्याचे दोन भाग होतात. मोठ्या भागाला आई म्हणतात आणि लहान भागाला लेक. ही नावं मी ठेवलेली नाहीत, मी या कामाला लागलो तेव्हापासून ती कागदोपत्री तशीच आहेत. आमच्या धंद्यातले लोक एरवी प्रत्येक वस्तूला एक अक्षर आणि एक आकडा चिकटवून मोकळे होतात, इथेच तेवढे कसे पाघळले कोण जाणे. तर लेक आईपासून सुटते, गॅसचे बारीक फुत्कार सोडत हळूहळू लांब जाते, आणि दोघींच्या मध्ये एक तार उलगडत राहते. शिवणाच्या दोऱ्याहून थोडी जाड, वरून आवरण आणि आत धातू. तू दवाखान्याच्या दारातून ती तार ओढत चालत निघालीस तर कोपऱ्यावरचा औषधवाला, बेकरी, शाळेचं मैदान, सगळं मागे टाकून पुलापर्यंत जाशील, एवढी लांब.

आईच्या आत माझी गन असते. गन म्हटलं म्हणून दचकू नकोस. जुन्या ढेरपोट्या टीव्हीच्या मागच्या बाजूला जी असायची, तिचीच ही थोरली बहीण. ती इलेक्ट्रॉनचा बारीक झोत फेकते. इलेक्ट्रॉन म्हणजे विजेचे अगदी चिमुकले कण, ते सगळीकडे असतात, तुझ्या लोकरीच्या स्वेटरमध्येसुद्धा. अंधारात स्वेटर काढताना चटचट होतं ना, ते त्यांचंच काम. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण वरच्या विरळ हवेतून जाताना तिला ढुशा मारत जातात आणि ती हवा मंद उजळते. पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना सुतासारखं सरळ जाऊ देत नाही, म्हणून ते जुन्या फोनच्या वायरसारखे वळसे घेत घेत जातात. वर सगळा काळोख, आवाज म्हणून नाही, आणि त्या काळोखात एक फिकट, वेटोळी रेघ. हे काम कशासाठी करता असं कोणी विचारलं की मी भारदस्त कारणं देतो, अहवालात ती छापूनही येतात. तुला म्हणून सांगतो, मी ते त्या रेघेसाठी करतो.

पण त्यात एक मेख आहे. गन इलेक्ट्रॉन फेकते म्हणजे आईच्या अंगातले इलेक्ट्रॉन कमी होतात. कमी झाले की तिला त्यांची ओढ लागते, आणि तिने फेकलेलाच झोत मागे वळून तिच्याच अंगावर पडायला लागतो, कारंज्याचं पाणी तोटीवरच पडावं तसा. आमच्या पहिल्या उड्डाणात तार नव्हती, तेव्हा नेमकं हेच झालं. गन सुरू झाली, सगळे आकडे ठीक, आणि झोत काही पुढे सरकेना. तुझ्या आईला मी हे सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. ती म्हणाली, म्हणजे तुमची ती बया नुसतीच वाटत सुटली होती. मी म्हटलं, हो, आणि म्हणूनच आता तिच्या सोबतीला लेक देणार आहोत. वरचा प्रदेश आपल्याला रिकामा वाटतो, पण तिथेही सुटे इलेक्ट्रॉन भटकत असतात. लेक लांब जाते, आपल्या उघड्या धातूच्या अंगावर ते गोळा करते आणि तारेतून आईकडे पाठवते. मग आईला मागे ओढून घ्यावं लागत नाही आणि झोत मोकळेपणाने लांब जातो.

आता तुला वाटेल की बाबा यावरून उपदेश करणार. करणारच, एवढं लिहिलंय ते काय फुकट. तू त्या काचेपाशी रात्रंदिवस बसून असतेस, जेवण निवून जातं, पाण्याची बाटली तशीच भरलेली राहते, हे सगळं तुझ्या आईने मला सांगितलं आहे आणि वर मी सांगितलं म्हणून सांगू नका असंही सांगितलं आहे. तिला बसू दे ना थोडा वेळ तिथे. तू कोणी काही दिलं तर लगेच हिशेब बरोबर करणारी, लहानपणापासून कोणाचं घेताना संकोचणारी. पण ही वेळ घेण्याची आहे. आईच्या हातचं खा, जावयाच्या खांद्यावर डोकं टेकून झोप. तो बिचारा म्हणे बाहेर बाकावर ताठ बसल्या बसल्या झोपतो आणि जाग आली की मी झोपलो नव्हतो असं सांगतो. इथे थोडी थांब. पाणी पी. मी आहे इथेच.

आता रीळबाई. तिचं शिक्षण माझ्याहून जास्त आणि पगारही माझ्याहून जास्त, पण तारेचं रीळ ती दुसऱ्या कोणाला गुंडाळू देत नाही, म्हणून हे नाव. उड्डाणाआधी तिची खोली आठवडाभर बंद असते. दारावर फक्त हाताचा एक पंजा काढलेला आहे, म्हणजे आत येऊ नका. तार उलगडताना रीळ फिरत नाही, ते जागच्या जागी असतं आणि तार त्याच्या टोकावरून वेढ्यावेढ्याने निसटते. त्यामुळे प्रत्येक वेढ्यामागे तारेला एक पीळ पडतो. तो पीळ साठत गेला तर तार वर जाऊन गुंता करून बसेल. म्हणून ही बाई गुंडाळतानाच प्रत्येक वेढ्याला बोटांनी उलटा पीळ देत जाते. तार सुटते तेव्हा दोन्ही पीळ एकमेकांना फेडून टाकतात. ती हे करते तेव्हा कोणी तिच्याशी बोलायचं नाही, मध्येच हात बदलायचा नाही. मी एकदा दाराच्या काचेतून पाहिलं होतं. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर काहीतरी गुणगुण आणि बोटं चाललेली. बघता बघता मला उभ्या उभ्या पेंग आली.

पण तिच्याही हातून एकदा घोटाळा झाला होता, आणि तो फक्त तिच्याच हातून होऊ शकतो असा होता. त्या वेळी तिने तार इतकी सुबक गुंडाळली की सगळी कचेरी पाहायला आली. वेढ्याला वेढा चिकटलेला, मध्ये केस जाईल एवढी फट नाही. आम्ही फोटो काढले. वर गेल्यावर ती तार निम्म्यात अडली आणि सुटेचना. चुकलं काय, तर काहीच चुकलं नव्हतं, तेच चुकलं होतं. तेव्हापासून ती जरा सैल हात ठेवते. रीळ आता दिसायला अगदी गबाळं दिसतं, बाहेरचे पाहुणे आले की आम्ही ते झाकून ठेवतो, पण तार सरसर सुटते. मला तुझ्या वेण्या आठवल्या. तुझी आई माहेरी गेली की मी तुझी वेणी घालायचो, इतकी घट्ट की तुझ्या भुवया वर ओढल्या जायच्या आणि तू दिवसभर आश्चर्य वाटल्यासारखी हिंडायचीस. शेजारीण विचारायची की पोरीला झालंय तरी काय.

आणखी एक आमची रीत सांगतो. कंट्रोल रूमपासून लांब, टेकडीवर, एक छोटी खोली आहे. रॉकेटकडून येणारे संदेश तिथे पकडतात. आमच्यात आणि त्या खोलीत बोलण्याची एक लाइन असते आणि तिचा पहिला नियम हा की ती कधी गप्प पडू द्यायची नाही. कारण पलीकडे शांतता झाली तर माणूस गप्प बसलाय की लाइन तुटली आहे हे कळायला मार्ग नाही. त्यामुळे उलटी मोजणी कुठे अडली, वारा पडायची वाट बघत बसलो, की कोणीतरी लाइनवर काहीतरी वाचत राहायचं. बहुधा मीच वाचतो. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तिका, बियाणांच्या जाहिराती, जुन्या मासिकातल्या स्वयंपाकाच्या युक्त्या. पंप सुरू करण्यापूर्वी झडप पूर्ण उघडली असल्याची खात्री करून घ्यावी. पंपातून घरघर ऐकू आल्यास हवा अडकली आहे असे समजावे. टेकडीवर लाइन सांभाळणाऱ्या बाईंना मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलेलं नाही, पण त्यांचा आवाज मी गर्दीत ओळखेन. त्या अधूनमधून, आहे, एवढंच म्हणतात. मी वाचतो, त्या आहे म्हणतात, असे आमचे तासन्‌तास जातात. एकदा एका नव्या माणसाला लाइनवर बसवलं होतं. चांगल्या घरचा, शिष्टाचार जाणणारा. बोलण्यासारखं काही नसताना उगाच कशाला बोलायचं म्हणून तो अदबीने गप्प बसला. टेकडीवर धांदल उडाली, लाइन गेली असं समजून मोजणी थांबवली, तारा तपासायला माणूस पळाला, आणि तेवढ्यात वारा फिरला. त्या दिवशीचं उड्डाण त्या सभ्यपणापायी गेलं. बिचारा अजून माझ्याकडे जुनी मासिकं आणून देतो.

तुझ्या आईचा आत्ताच फोन येऊन गेला. तिने विणलेली टोपी बाळाला फारच मोठी होते म्हणे, अख्खी पोर टोपीत जाईल. ती टोपी तिने उसवायला घेतली आहे. मी म्हटलं राहू दे, होईल मोठी. त्यावर ती लिफ्टबद्दल बोलायला लागली.

इथे कालचं पत्र अर्धं राहिलं, कारण दार वाजलं आणि बोलावणं आलं की वारा पडतोय. आता दुसऱ्या दिवसाची सकाळ आहे, उन्हं टेबलावर आली आहेत आणि खिडकी गप्प आहे. शाईही वेगळी दिसेल, पेन कंट्रोल रूममध्ये राहिलं. तर काल दिवेलागणीला रॉकेट गेलं. नेहमीसारखाच आधी उजेड झाला आणि मग छातीत घुमणारा आवाज आला, आणि पाहता पाहता ते एक ठिपका होऊन दिसेनासं झालं. बाहेर उभी असलेली माणसं तिथवरच पाहतात. आम्हाला त्यानंतर सुरुवात असते.

लेक सुटली. तार सुटायला लागली. रीळबाई डोळे मिटून बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची बोटं उलटी फिरत होती, जणू एकेक वेढा तीच सोडून देत होती. तार अडली नाही. शेवटच्या वेढ्यापर्यंत गेली आणि लेक तिकडे लांब, एकटी, तरी जोडलेली, तरंगत राहिली. मग माझी गन सुरू झाली. कॅमेऱ्याच्या चित्रात आधी नुसती राखाडी भुरभुर दिसत होती, पिठाच्या गिरणीत दिसते तशी. मग त्या भुरभुरीत काहीतरी उजळलं. फिकट, निळसर की पांढरं ते सांगता येणार नाही, वळसा घेत घेत लांब गेलेलं, आणि काठांवर विरघळणारं. आईने मध्येच गॅसचा एक फुत्कार सोडला तेव्हा ते सगळं क्षणभर फुलून आलं, श्वास भरून घेतल्यासारखं, आणि पुन्हा बारीक झालं. मला वाटलं आपण सगळे पाण्याखाली बसलो आहोत आणि वरून कोणीतरी दिवा घेऊन चाललं आहे. तुझ्या शाळेतल्या बाई तिथे असत्या तर मी त्यांना म्हटलं असतं की बघा, पोरगी खोटं बोलत नव्हती.

आणि मग ती रेघ विझली. तारेतला प्रवाह दाखवणारी दुसरी रेघ पडद्यावर चालत असते, ती खाली आली आणि सपाट झाली. नुसती सपाट चालत राहिली. माझे हात टेबलाच्या कडेला चिकटले आणि मला काही सुचेना, कोणाला हाक मारायची तेही. मला पडदा दिसत नव्हता, मला काचेची पेटी दिसत होती. रीळबाईने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू, मुलाला सांगावं तसं म्हणाली की अहो, विसावा आहे हा, तुम्हीच घातलाय. मीच घातला होता. काही झोत झाले की गनला विसावा द्यायचा असतो, त्यात आईचं अंग निवतं, भोवतीचं सगळं जागच्या जागी येतं आणि पुढचा झोत चांगला जातो. तो कुठे द्यायचा आणि केवढा द्यायचा हे मीच ठरवतो. इतक्या उड्डाणांत त्या सपाट रेघेकडे मी कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या वेळात मी चहाचा घोट घेतो. काल मला ती शेवटची रेघ वाटली. मग ती वर आली. आपणहून आली, कोणी टिचकी मारली नव्हती. झोत पुन्हा उजळला, पुन्हा विसावला, पुन्हा उजळला. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं आणि रडून घेतलं. जिवात जीव येणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं.

रीळबाई नंतर दोन माणसांचं जेवली. तिने मला विचारलं की नातीचं नाव काय ठेवणार, आणि मी म्हटलं की अजून कोणाला धीर होत नाही. त्यावर तिने पाठीवर थाप मारली आणि मला आणखी भात वाढला. आम्हाला अजून एक उड्डाण करायचं आहे, त्यामुळे मला लगेच निघता येणार नाही, आणि आलो तरी आत बापाशिवाय दुसऱ्या पुरुषाला सोडत नाहीत. मी आलो की जावयाच्या शेजारी बाकावर बसेन. दोघं मिळून न झोपल्याचं सांगू. जीपवाला आत्ता शहरात चालला आहे, त्याच्या हाती हे पाकीट देतो, संध्याकाळपर्यंत तुला मिळेल.

आता मनातल्या मनात वाचून झालं असेल, तर ज्यासाठी एवढं लिहिलं ते ऐक. त्या दिवशी फोनवर तू म्हणालीस की सिस्टरच्या लक्षात आलं आहे, तू पेटीपाशी बोलत असलीस की बाळ श्वास विसरत नाही. त्या तुला म्हणाल्या, बोलत राहा, काहीही बोला, तिला अर्थाशी काही देणंघेणं नाही. आणि तू मला म्हणालीस, बाबा, मला काहीच सुचत नाही. अंगाई आठवत नाही, गोष्ट आठवत नाही, सोने, श्वास घे, एवढंच तोंडात येतं. मी हं हं केलं, कारण मलाही काही सुचलं नाही, आणि शेवटी कागद पुढे ओढला. आत फोन नेऊ देत नाहीत, कागदाला कोण अडवणार. अक्षर मोठं काढलं आहे, झोपाळलेल्या डोळ्यांनाही दिसेल. पेटीची ती हात घालायची गोल झडप उघड, तोंड जवळ ने, आणि पहिल्या ओळीपासून तिला मोठ्याने वाचून दाखव. संपलं की पुन्हा वरून. तू दमलीस की तुझी आई वाचेल, ती मध्ये मध्ये माझ्या चुका काढेल, काढू दे. तुला रडू आलं तर येऊ दे, रडत रडत वाच, पण वाचत राहा.

तुझाच,
बाबा